रेव्हरंड टिळकांचे तुकोबा

रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले, हे विधान मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची गोष्ट निघाली की हमखास पुढे येते. मूळ उद्गार टिळकांचाच, त्यामुळे त्यावर कुणी फारसा वाद घालत नाही. पण पूल ओलांडण्यासाठी असतो. पलीकडे पोचल्यावर माणूस मागे वळून पाहत नाही आणि पुलाचे कामही तिथेच संपते. टिळकांच्या बाबतीत असे झाले का, हे त्यांच्या आयुष्याच्या क्रमाकडे पाहून तपासता येते. तो क्रम नीट लावला की चित्र जवळजवळ उलटे दिसते. बाप्तिस्म्याच्या वेळच्या टिळकांपेक्षा मृत्यूच्या आधीचे टिळक देहूच्या कितीतरी जवळ उभे आहेत. तुकोबांनी त्यांना ख्रिस्तापर्यंत आणले असेल, पण त्याहून खात्रीने असे म्हणता येते की ख्रिस्तभक्तीने त्यांना पुन्हा तुकोबांकडे नेले, आणि तिथे ते शेवटपर्यंत राहिले. म्हणून त्यांची श्रद्धा हा नगरच्या मिशनच्या इतिहासाइतकाच इंद्रायणीकाठच्या इतिहासाचाही भाग आहे, असे माझे म्हणणे आहे.

या काठाला आज आपण वेगळ्या नावाने ओळखतो. पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण अशी नावे घेतली की गाड्यांचे कारखाने, सुट्या भागांचे वर्कशॉप आणि तीन पाळ्यांत भरून जाणाऱ्या बस डोळ्यांपुढे येतात. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, साठच्या दशकात औद्योगिक वसाहत वाढली, १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. पण मराठी कवितेच्या नकाशावर हाच पट्टा त्याच्या तीनशे वर्षे आधीपासून ठळक आहे. देहू आणि आळंदी त्याच्या दोन टोकांना आहेत. तुकोबांचे अभंग उतरवून घेणारे संताजी जगनाडे चाकणचे, तेलाचा घाणा चालवणारे. त्यांची समाधी जवळच सुदुंबऱ्याला आहे. दुसरे लेखनिक गंगारामपंत मवाळ कडूसचे, म्हणजे खेड तालुक्यातलेच. सरकारच्या २४,००० रुपयांच्या साहाय्याने विष्णुशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी गाथेची चिकित्सक आवृत्ती १८६९ आणि १८७३ साली दोन खंडांत काढली, तेव्हा त्यांनी ज्या हस्तलिखितांचा आधार घेतला त्यांत पंढरपूरच्या प्रतीबरोबर देहू, तळेगाव आणि कडूस इथल्या प्रती होत्या. ज्या भामचंद्र डोंगरावर तुकोबा चिंतनाला बसत, त्याच्या पायथ्याशी आज चाकण औद्योगिक वसाहतीचे टप्पे येऊन भिडले आहेत. गाथा रचली गेली, लिहिली गेली, जपली गेली ती प्रामुख्याने या पंधरा-वीस कोसांच्या परिसरात. तिथून ती कुठे कुठे गेली, हाही या परिसराचाच इतिहास मानला पाहिजे.

आता टिळकांकडे येऊ. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आई जानकीबाई भाविक, वडील तापट. आई लवकर गेली आणि मुलगा घराला पारखा झाला. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांचे संस्कृत पक्के झाले. १८८० साली जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी लग्न झाले. तीच पुढे लक्ष्मीबाई. त्यानंतरची वर्षे भटकंतीची. कुठे शिक्षकी, कुठे पुराण सांगणे, कुठे वक्तृत्व, नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ग्रंथांचे काम आणि ‘ऋषि’ या मासिकाचे संपादन. या काळातले टिळक संस्कृत पंडित आहेत, देशाच्या उन्नतीसाठी नवा धर्म घडवावा अशा विचारात असलेले सुधारक आहेत, वृत्तबद्ध कविता लिहिणारे कवी आहेत. १८९३ साली राजनांदगावकडे जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे संभाषण झाले आणि त्याने त्यांच्या हाती नवा करार दिला. टिळकांना त्या पुस्तकात सर्वांत आधी ज्याने पकडले ते डोंगरावरील प्रवचन. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. या साऱ्या हकिकतीत वाचन आहे, तर्क आहे, नीतीचा शोध आहे, देशाची काळजी आहे. टाळ-मृदंग नाही. तुकोबा त्यांच्या मनात नव्हते असे मी म्हणत नाही. त्या काळी मराठी बोलणाऱ्या कुठल्याही भाविक घरात अभंग कानावर पडल्याशिवाय मूल वाढत नसे, आणि आईच्या भक्तीचा ठसा टिळकांवर खोल होता. पण पुलाचा उद्गार हा मागे वळून पाहणाऱ्या माणसाचा आहे. आपण कसे आलो याचा अर्थ लावण्यासाठी त्याला तुकोबा सापडले, ते पोचल्यानंतर.

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामाला लागले. शिकवणे, लिहिणे, आणि १९०४ पासून दीक्षित पाळक म्हणून सेवा. काही वर्षे मुक्काम राहुरीला होता. राहुरी तालुक्यातलेच ताहराबाद हे महिपतीचे गाव. ‘भक्तविजय’ आणि ‘भक्तलीलामृत’ लिहून ज्याने तुकोबांचे चरित्र घरोघरी पोचवले, तो हा महिपती. म्हणजे टिळक ज्या खेड्यापाड्यांतून येशूची कथा सांगत हिंडत होते, तिथल्या माणसांच्या कानांत संतांची कथा आधीपासून मुरलेली होती. या मुलखात ख्रिस्ती उपासनेत गायचे काय, हा प्रश्न तेव्हा जिवंत होता. बरीच गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती, चाली परदेशी होत्या, आणि मराठी शब्दांचे आघात त्या चालींत चुकीच्या जागी पडत. मराठी चालींवर ख्रिस्ती पदे आणि कीर्तने करण्याची सुरुवात नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी टिळकांच्या कितीतरी आधी केली होती, आणि तिचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. टिळकांनी केले ते त्याच्या पुढचे. संस्कृत वृत्तांवर हुकमत असलेला हा कवी उपासनेसाठी अधिकाधिक अभंगाकडे वळला. थोरल्या अभंगाचा चरण सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा. त्यात लघु-गुरूचा हिशोब नाही, पाठांतराला कष्ट नाहीत, आणि शेवटचा चार अक्षरांचा तुकडा असा आखूड पडतो की गाणाऱ्याचा श्वास आणि अर्थ एकाच जागी टेकतात. अक्षरओळख नसलेली बाई एकदा ऐकून तो दुसऱ्यांदा म्हणू शकते. शार्दूलविक्रीडितात हे होत नाही, आणि ते टिळकांना कुणाहीपेक्षा चांगले ठाऊक होते.

केवळ छंद घेतला असता तर तो वेश झाला असता. टिळकांनी अभंगाबरोबर त्याचे नातेही घेतले, आणि माझ्या मते खरा पुरावा इथे आहे. पाश्चात्त्य प्रार्थनेत येशू राजा आहे, मेंढपाळ आहे, तारणारा आहे. टिळकांच्या अभंगांत तो याशिवाय आई आहे. वारकऱ्यांनी विठोबाला विठाई केले आणि ज्ञानदेवांना माउली म्हटले. टिळक ख्रिस्ताला त्याच हाकेने बोलावतात, त्याच्यावर रुसतात, त्याच्याशी भांडतात, त्याच्या पायाशी लहान होतात. देवाशी असे भांडायची मुभा मराठी माणसाला तुकोबांनी दिली. ती कोणत्याही चर्चच्या प्रश्नोत्तरावलीत सापडत नाही. ‘अभंगांजली’तले अभंग वाचताना जाणवते की धर्मज्ञान सांगायला ते लिहिलेलेच नाहीत. त्यांत एक माणूस आपल्या देवाशी बोलतो आहे. मराठी संतांचे साहित्य हा हिंदी ख्रिस्ती माणसाचा जुना करार आहे, अशा आशयाचे मत टिळकांनी मांडले होते. हे मत लहान नव्हे. जुना करार ख्रिस्ती माणूस रोज वाचतो, त्यातली स्तोत्रे गातो. तो मागे टाकायचा ग्रंथ नाही.

क्रमाचा शेवटचा टप्पा १९१७ चा. त्या वर्षी टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ ही मंडळी स्थापन केली. साताऱ्याला त्यांचे बिऱ्हाड होते. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला आहे ते आणि ज्यांनी घेतलेला नाही पण जे ख्रिस्ताचे शिष्यत्व मानतात ते, अशा दोघांनाही या दरबारात जागा होती. ही कल्पना फार धाडसाची होती. मंडळीचे सभासदत्व म्हणजे नोंदवहीतले नाव, ही मिशनची घडी त्यांनी मोडली आणि जी घडी घेतली ती दिंडीच्या जवळची आहे. दिंडीत चालणाऱ्याला कुणी दाखला विचारत नाही. मिशनशी वैर धरून ते बाहेर पडले नव्हते. १९१२ पासून ज्या ‘ज्ञानोदया’चे मराठी संपादन ते करीत होते ते मिशनचेच पत्र होते, १८४२ साली सुरू झालेले. पण आपल्या देशबांधवांनी आपल्याला परक्याचा चाकर समजू नये, ही त्यांची तळमळ होती. पुढे फार वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य जेमतेम दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. चौसष्ट अध्याय पुढे लक्ष्मीबाईंनी रचले.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. अभंग, कीर्तन, संन्यास हे सारे धर्मप्रसाराचे साधन होते. परका माल देशी पुडक्यात बांधून विकण्याची ती युक्ती होती, असे म्हणता येईल. मिशनऱ्यांनी अशा युक्त्या योजल्या नाहीत असे नाही, आणि फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली रायतूरला ‘क्रिस्तपुराण’ ओवीत छापले तेव्हाही वाचकाला ओळखीचा घाट देण्याचा हेतू होताच. टिळकांनाही आपला देश ख्रिस्ताकडे यावा असे मनापासून वाटत होते. ते लपवण्याचे कारण नाही. परंतु युक्ती करणारा माणूस युक्तीसाठी काय मोजतो, हे पाहावे. बाप्तिस्म्याने टिळकांच्या हाती लागले ते घराचे तुटणे. लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे वेगळ्या राहिल्या, लेकरू आई-बापांच्या ओढाताणीत सापडले, आप्तांनी पाठ फिरवली. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला, आणि हा सगळा प्रवास ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी इतक्या निर्मळपणे सांगितला आहे की नवऱ्याचे विक्षिप्तपण, त्याचा राग, त्याचे उधळेपण काहीही झाकलेले नाही. असे पुस्तक प्रसाराच्या सोयीचे नसते, आणि म्हणूनच त्याची साक्ष मोलाची आहे. दुसरे असे की युक्ती असती तर मिशनच्या छत्राखाली ती अधिक सुखाने चालली असती. टिळक जसजसे तुकोबांच्या जवळ गेले तसतसे ते पगारापासून दूर गेले.

दुसरा आक्षेप वारकऱ्यांच्या बाजूचा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. तुकोबांना पूल म्हणणे किंवा जुना करार म्हणणे यातच त्यांना अपुरे ठरवणे आले. तुकोबांना विठ्ठल पुरेसा होता. त्यांच्या भक्तीला पलीकडचा काठ देण्याचा अधिकार कुणाला? हा आक्षेप मान्य केला पाहिजे. जे. एन. फार्कर यांचे ‘द क्राउन ऑफ हिंदुइझम’ हे पुस्तक १९१३ सालचे; हिंदू धर्मातले उत्तम ते ख्रिस्तात पूर्ण होते, हा विचार तेव्हा हवेत होता आणि टिळकही त्या हवेत श्वास घेत होते. सिद्धांत म्हणून पाहिले तर त्यात तुकोबांची पायरी एक इयत्ता खालीच राहते. पण माणसाचा सिद्धांत आणि त्याची प्रार्थना यांत फरक असतो, आणि टिळकांना न्याय द्यायचा तर प्रार्थनेकडे पाहावे लागते. सिद्धांतात ते तुकोबांच्या पुढे गेले आहेत. अभंगात ते तुकोबांच्या मागे चालतात, त्यांचाच शब्द, त्यांचीच आर्तता उसनी घेतात. बाबा पदमनजींशी तुलना केली म्हणजे हा फरक कळतो. १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेले, ‘यमुनापर्यटन’ आणि ‘अरुणोदय’ लिहिणारे पदमनजी प्रामाणिक आणि थोर लेखक होते, पण जुन्या धर्माशी त्यांचे नाते तोडण्याचे आणि खंडनाचे होते. त्यांना पुलाची गरज भासली नाही. टिळकांना पुलावरच घर बांधावेसे वाटले. तुकोबांचा वारसा विठ्ठल मानणाऱ्यांचा आहे, यात वाद नाही. पण वारसा आणि ऋण या दोन गोष्टी आहेत, आणि टिळकांनी ऋण कधी नाकारले नाही.

तिसरा प्रश्न ख्रिस्ती समाजाच्या आतून येतो. नगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती महार-मांग समाजांतून आलेले. गावकुसाबाहेरच्या जिण्याला कंटाळून जुना धर्म सोडलेल्यांना एका चित्पावन पंडिताने पुन्हा हिंदू संतांची भाषा का द्यावी? संस्कृतप्रचुर श्लोकांचा आग्रह त्यांनी धरला असता तर या प्रश्नाला उत्तर नव्हते. पण टिळकांनी ज्याचे बोट धरले तो स्वतः ब्राह्मणांच्या रोषाला पात्र झालेला कुणबी-वाणी होता, ज्याच्या वह्या नदीत बुडवायला लावल्याची कथा मराठी समाज पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला, आणि ज्याचे अभंग एका तेल्याने लिहून घेतले. अभंग ही जिथे चोखोबाही कवी होऊ शकला अशी जागा होती. शिवाय टिळकांच्या घराचे सोवळे नुसते कागदावर सुटलेले नव्हते. लक्ष्मीबाईंना स्पर्शाचा विटाळ किती कष्टाने, पायरी-पायरीने सोडावा लागला हे त्यांनी स्वतः लिहिले आहे, आणि अखेरीस त्या घरात सर्व जातींची पोरे एका पंगतीला वाढली. तरीही इतके खरे की या समाजाची स्वतःची गाणी, जात्यावरच्या ओव्या, डफावरची पदे टिळकांच्या छायेत मागे पडली. टिळकांवर प्रेम करणाऱ्यांनी त्या गाण्यांचीही नोंद केली पाहिजे. ते काम अजून पुरेसे झालेले नाही.

टिळकांनी मळलेली वाट त्यांच्या हयातीत आणि नंतरही अनेकांनी धरली, आणि त्यांतले बरेच जण अभ्यासक म्हणून आले. नेल्सन फ्रेझर आणि के. बी. मराठे यांनी तुकोबांचे अभंग १९०९ ते १९१५ या काळात इंग्रजीत आणले. पुण्याचे स्कॉटिश मिशनरी निकल मॅकनिकल यांनी टिळकांच्या मृत्यूच्याच वर्षी मराठी संतांच्या एकशे आठ अभंगांचा अनुवाद काढला. आकडा जपमाळेचा आहे, तो योगायोग नसावा. जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ साली टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले, आणि त्यांनी स्थापलेला ख्रिस्त सेवा संघ पुण्यात खादी आणि भारतीय उपासनेच्या वाटेने गेला. जस्टिन ॲबट हे अमेरिकन मराठी मिशनचेच, म्हणजे टिळकांचे सहकारी. निवृत्त होऊन अमेरिकेला गेल्यावर म्हातारपणाची वर्षे त्यांनी महिपतीच्या अनुवादात घालवली. त्यांच्या अनुवादमालेत बहिणाबाई १९२९ साली आणि तुकाराम १९३० साली आले. देहूला तुकोबांचे कीर्तन ऐकायला येणारी शिऊरची बहिणाबाई अशी अटलांटिकपलीकडे वाचली गेली. पुढे फ्रेंच जेझुइट गी दलरी यांनी वारीचा आणि विठ्ठलभक्तीचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. यांतले काही जण तुकोबांना आपल्या धर्माच्या मापाने मोजत होते, आणि ते त्यांच्या प्रस्तावनांत दिसते. पण मोजायला बसलेला माणूस वीस वर्षे एकाच कवीपाशी बसला की मापापेक्षा कवी मोठा होतो. ॲबटांच्या बाबतीत तसे झाले, असे त्यांचे अनुवाद वाचताना वाटते.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून तुकोबांची पालखी निघते. पहिला मुक्काम देहूतच इनामदार वाड्यात, दुसरा आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात, आणि मग कारखान्यांच्या कुंपणांमधून ती पुण्याकडे चालू लागते. त्याच आकुर्डी-चिंचवड-पिंपरीच्या वस्त्यांत, गेल्या साठ-सत्तर वर्षांत, कामासाठी आलेली कुटुंबे स्थिरावली. नगरकडची मराठी ख्रिस्ती कुटुंबेही त्यांत आहेत. त्यांच्या मंडळ्यांत रविवारी ‘उपासना संगीत’ उघडले जाते, आणि त्या पुस्तकातला मोठा वाटा नारायण वामन टिळकांचा आहे. पेटी सूर धरते, एखादा तबल्यावर बसतो, आणि थोरल्या अभंगाचे सहा-सहा-सहा-चार सुरू होते. देहूहून ताहराबादला, ताहराबादहून राहुरी-नगरला गेलेला हा छंद कामगारांच्या बिऱ्हाडाबरोबर इंद्रायणी-पवनेच्या काठी परत आला आहे. नवा देव आणि जुनी हाक घेऊन आलेली ती माणसे पालखीच्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभी राहतात, तेव्हा पुढून जाणाऱ्या दिंडीचा ठेका त्यांना पाठ असतो.